धनुर्वाताचें विष आणि मेंदूचा निग्रह

घोड्याच्या खुराला नाल ठोकतांना एखादा खिळा आडवा जातो, थोडें रक्त येतें, आणि दोन दिवसांत ती जखम कोणाच्या ध्यानांतहि राहत नाहीं. आठ-दहा दिवस लोटतात, आणि मग तें जनावर वैरणीला तोंड लावीनासें होतें. त्याचे कान ताठ उभे राहतात, शेपटी किंचित् वर उचललेली दिसते, चारी पाय लांकडाच्या घोड्यासारखे फांकून ताठतात, आणि डोळ्याच्या आंतल्या कोपऱ्यांतील पडदा बुबुळावर सरकतो. तबेल्याचें दार वाजलें किंवा अंगावर उन्हाची तिरीप आली, एवढ्यानेंच त्याच्या सर्वांगाला झटका बसतो. जखम पायांत होती, आणि ती भरूनहि आली. मग जबडा कां बसला? हा प्रश्न वैद्यांना आणि अश्ववैद्यांना शेंकडों वर्षें पडत आला. त्याचें समाधानकारक उत्तर मिळावयास मात्र १८८४ पासून १९९२ पर्यंतचा काळ खर्ची पडला. त्या उत्तराचा इतिहास प्रस्तुत लेखांत थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्याकडे या रोगाला धनुर्वात म्हणतात. पाठीचे स्नायु पोटाच्या स्नायूंहून बलवान् असल्यामुळें झटका आला कीं शरीर मागें वांकून त्याची कमान होते. नांव त्यावरूनच पडलें. सुश्रुतसंहितेंत वातव्याधींच्या प्रकरणीं अपतानक व धनुःस्तंभ यांचें वर्णन आलें आहे, आणि गर्भपातानें, अतिरक्तस्रावानें किंवा आघातानें झालेला अपतानक असाध्य होय, असा निर्वाळाहि तेथें दिलेला आहे. ग्रीस देशांत हिपॉक्रेटीसच्या परंपरेंतील ग्रंथांतहि जखमेनंतर जबडा बसून मेलेल्या रोग्यांच्या हकीकती आढळतात. म्हणजे जखम आणि धनुर्वात यांचा संबंध दोन्ही देशांच्या प्राचीन वैद्यांना दिसला होता; दिसलें नव्हतें तें या दोहोंच्या मधलें. एकोणिसाव्या शतकांत कित्येक विद्वान् असें मानीत कीं, जखमेमुळें मज्जातंतु क्षुब्ध होतो, तो क्षोभ वर चढत जातो, आणि शेवटीं मेंदू बिघडतो. हा तर्क मुळांत चुकीचा होता. परंतु त्यांतील ‘मज्जातंतूच्या वाटेनें वर चढणें’ एवढा भाग पुढें खरा ठरावयाचा होता.

१८८४ सालीं इटलींतील तुरीन शहरीं अँतोनिओ कार्ले व जॉर्जिओ रात्तोने या दोघांनीं धनुर्वातानें मेलेल्या एका मनुष्याच्या पुटकुळींतील पू घेऊन तो सशांना टोंचला. सशांना धनुर्वात झाला, आणि त्या सशांपासून तो दुसऱ्या सशांतहि उतरला. त्याच सालीं जर्मनींत गॉटिंगेन येथें आर्थर निकोलायर यानें बागेंतील साधी माती उंदीर, ससे व गिनीपिग यांच्या कातडीखालीं घातली, आणि त्यांनाहि तोच रोग झाला. क्षोभाचा तर्क येथें संपला. रोगाचें बीज बाहेरून येतें, आणि तें रस्त्यावरच्या मातींतहि असतें, हें सिद्ध झालें. निकोलायरला जखमेंत एक लांबट जंतु दिसला. परंतु इतर जंतूंच्या गर्दींतून त्याला निराळा काढणें कोणास साधेना. तें काम बर्लिनमध्यें रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेंत शिबासाबुरो कितासातो या जपानी शास्त्रज्ञानें १८८९ सालीं केलें. त्यानें मिश्र जंतूंना ८० अंश उष्णता दिली. इतर जंतु मेले. धनुर्वाताचे बीजकण तेवढे तगले. मग प्राणवायु वगळून हायड्रोजन वायूंत त्यानें ते वाढविले. हा जंतु हवेंत वाढत नाहीं. खोल आणि तोंड मिटलेली जखम त्याला मानवते ती यामुळेंच, आणि क्षुल्लक दिसणारा खिळा मोठ्या उघड्या घावापेक्षां घातक ठरतो तोहि यामुळेंच.

परंतु जंतु सांपडला तरी कोडें सुटलें नाहीं. उलट तें अधिकच गहन झालें. धनुर्वातानें मेलेल्या जनावराच्या जखमेंत हे जंतु सांपडत, तेहि थोडे. रक्तांत आणि मेंदूंत ते मुळींच सांपडत नसत. शत्रु वेशीबाहेर बसलेला, आणि राजवाड्यांत मात्र हाहाकार, असा हा प्रकार होता. १८९० सालीं कोपनहेगन येथें क्नुड फाबर यानें जंतूंची पैदास झालेला द्रव गाळून घेतला, आणि जंतुरहित झालेला तो द्रव जनावरांना टोंचून दाखविला. एकहि जंतु शरीरांत न जातां धनुर्वात झाला. जंतु जेथल्या तेथें बसून विष तयार करतात, आणि प्रवास करतें तें विष, असा त्याचा अर्थ होता. हें विष इतकें तीव्र आहे कीं मनुष्याला घातक होणारी त्याची मात्रा वजनाच्या दर किलोग्रॅममागें सुमारें २.५ नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जांशाच्या अडीचपट, मानली जाते. शिवाय मेलेल्या जनावराचा मेंदू कापून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा, तर तेथें प्राण घेण्याजोगा असा बिघाडच दिसत नसे. मेंदू मोडलेला नाहीं, जळलेला नाहीं, कुजलेला नाहीं. आणि तरीहि प्राणी मेलेला आहे! मग त्या विषानें केलें तरी काय?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वीं त्याच साली लागलेला एक शोध ध्यानांत घेतला पाहिजे. १८९० च्या डिसेंबरांत एमिल बेरिंग व कितासातो यांनीं असें दाखविलें कीं, विषाची हळूहळू संवय करून दिलेल्या सशाच्या रक्तांत त्या विषाला निष्प्रभ करणारें द्रव्य उत्पन्न होतें, आणि तें रक्त उंदराला टोंचलें तर उंदीरहि वांचतो. या द्रव्याला प्रतिविष म्हणूं लागले. वैद्यकाचें पहिलें नोबेल पारितोषिक १९०१ सालीं बेरिंगला मिळालें. कितासातोला त्यांत वांटा मिळाला नाहीं. ज्या रोगाला सुश्रुतानें असाध्य म्हटलें त्यावर आतां उतारा सांपडला, अशी आशा सर्वत्र पसरली. पण रोगाचीं चिन्हें उमटल्यावर प्रतिविष दिलें तर रोगी बहुधा वांचत नसे. असें कां व्हावें?

त्याचें उत्तर १८९८ सालच्या दोन प्रयोगांतून मिळालें. बर्लिनमध्यें वासरमान व ताकाकी यांनीं गिनीपिगचा मेंदू वाटून त्यांत धनुर्वाताचें विष कालविलें. तें मिश्रण जनावरांना टोंचलें असतां अपाय झाला नाहीं. मेंदूच्या पेशींनीं विष आपणांशीं घट्ट बांधून ठेविलें होतें. इतर अवयव वाटून घेतले तर असा परिणाम होईना. त्याच वर्षीं पॅरिसमध्यें रू आणि बोरेल यांनीं विष सशाच्या थेट मेंदूंतच सोडलें. कातडीखालीं द्यावें लागणाऱ्या विषाच्या मानानें अत्यंत अल्प अंशानेंहि ससा मेला, आणि त्याला ताठरपणापेक्षां उन्मादाचे व अपस्मारासारखे झटके आले. याहून विलक्षण गोष्ट ही कीं, ज्यांच्या रक्तांत प्रतिविष होतें असे सुरक्षित केलेले ससेहि या रीतीनें मेले. विषानें एकदां मज्जापेशीचा आश्रय घेतला म्हणजे रक्तांतील प्रतिविषाचा हात तेथवर पोंचत नाहीं. उतारा खोटा नव्हता; तो उशिरां पोंचत होता. जखम झाल्याबरोबर, चिन्हांची वाट न पाहतां, प्रतिविष द्यावें हा नियम या सशांच्या मरणांतून निघाला.

आतां प्रश्न राहिला वाटेचा. पॅरिसमध्यें मारी व मोरॅक्स यांनीं १९०२ सालीं, आणि मारबुर्ग येथें हान्स मायर व रॅन्सम यांनीं १९०३ सालीं असें दाखविलें कीं, विष स्नायूंतील मज्जातंतूच्या टोंकांतून आंत शिरतें आणि त्या तंतूच्याच वाटेनें पृष्ठरज्जूकडे चढत जातें. मायर व रॅन्सम यांनीं पायाच्या मोठ्या मज्जातंतूंत आधीं प्रतिविष टोंचून ठेवलें, तेव्हां त्या वाटेनें जाणारें विष अडलें. रक्तांतून सर्वत्र फिरणारें विष शरीरांतील सगळ्या स्नायूंना एकाच वेळीं भेटतें; परंतु जबड्याचे मज्जातंतु आंखूड आणि पायांचे लांब असल्यामुळें आंखूड वाटेचें विष आधीं मुक्कामाला पोंचतें. जखम पायाला आणि खिळ जबड्याला, या आरंभीच्या कोड्याचा उलगडा हा असा आहे. हा निर्णय सर्वमान्य व्हावयास मात्र वेळ लागला. १९३० नंतरच्या दशकांत बॉल्टिमोर येथील जॉन एबल या थोर औषधशास्त्रज्ञानें मज्जातंतूची वाट साफ नाकारली, आणि वाद पुन्हां पेटला. १९७० नंतर किरणोत्सर्गी आयोडीनची खूण लावलेलें विष जनावरांच्या मज्जातंतूंतून वर जातांना टिपतां आलें, तेव्हां तो मिटला.

विषाला वाट चालावी लागते, आणि वाटेला वेळ लागतो. ही गोष्ट केवळ विद्वानांच्या कुतूहलाची आहे असें वाटेल. परंतु या वेळेच्या हिशोबावर एका मनुष्याची अब्रू अवलंबून होती, आणि तो मनुष्य मुंबईंतला होता. प्लेगची लस शोधून काढणारे वाल्डेमार हाफकिन हे परळ येथील प्रयोगशाळेचे प्रमुख होते. तेथून गेलेली लस ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल या गांवीं १०७ लोकांना टोंचण्यांत आली. त्यांपैकीं एकाच बाटलींतील लस ज्यांना मिळाली ते १९ लोक धनुर्वातानें मेले. चौकशीमंडळानें दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला, आणि हाफकिन पदावरून दूर झाले. परंतु ती बाटली भरल्याला कित्येक आठवडे लोटले होते. त्या वेळींच जंतु आंत शिरले असते तर मधल्या काळांत त्यांनीं विपुल विष तयार केलें असतें, बाटली उघडतांच दुर्गंधि सुटली असती, आणि रोगाचीं चिन्हें फार लौकर उमटलीं असतीं. वस्तुतः दुर्गंधि आली नव्हती, आणि चिन्हें दिसलीं तीं सुमारें एका आठवड्यानें. बाटली उघडतांना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करतांच वापरला गेला होता, ही हकीकतहि कागदपत्रांत होतीच. रोनाल्ड रॉस प्रभृति दहा शास्त्रज्ञांनीं १९०७ सालीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत हाफकिन यांची बाजू मांडली, आणि त्याच वर्षीं ते दोषमुक्त ठरले. ते हिंदुस्थानांत परत आले, पण कलकत्त्यास. परळचें पद त्यांना पुन्हां मिळालें नाहीं. त्या संस्थेला १९२५ सालीं त्यांचें नांव देण्यांत आलें, आणि तें आजहि तिला आहे. नांव देऊन गेलेलीं वर्षें परत येत नाहींत, ही गोष्ट वाचकांस आम्हीं सांगावयास नको.

मुक्कामाला पोंचल्यावर विष करतें काय, याचा पहिला धागा इंग्लंडांत लिव्हरपूल येथें चार्लस शेरिंग्टन यांना १९०५ च्या सुमारास सांपडला. आपण हात वांकवितों तेव्हां दंडाच्या पुढच्या स्नायूला आंखडण्याची आज्ञा जाते हें खरें. पण त्याच क्षणीं मागच्या स्नायूला ‘तूं स्वस्थ रहा’ अशी दुसरी आज्ञाहि जात असते. ही दुसरी आज्ञा नसेल तर दोन्ही स्नायु एकमेकांशीं झुंजतील, आणि हात लांकडासारखा ताठेल. शेरिंग्टन यांनीं प्राण्यांवरील प्रयोगांत असें पाहिलें कीं, धनुर्वाताच्या विषानें या आवरण्याच्या आज्ञेचें रूपांतर उत्तेजनाच्या आज्ञेंत होतें. मेंदूच्या ज्या भागाला उत्तेजित केलें असतां जबडा उघडावयाचा, तेथेंच उत्तेजन दिलें कीं तो मिटूं लागला. म्हणजे रोगी तोंड उघडण्याची जितकी धडपड करतो, तितकी त्याची खिळ घट्ट होते.

पुढें १९५५ सालीं ऑस्ट्रेलियांत कॅनबेरा येथें ब्रुक्स, कर्टिस व एक्ल्स यांनीं मांजरांच्या पृष्ठरज्जूंतील पेशींत अतिसूक्ष्म विद्युत्शलाका घालून हें कोडें आणखी उकललें. विषानें पेशींची उत्तेजित होण्याची शक्ति वाढलेली नव्हती. त्यांना आवरणाऱ्या पेशींकडून येणारा निरोप तेवढा बंद झाला होता. हा निरोप ग्लायसिन व गाबा या नांवांच्या द्रव्यांच्या रूपानें सूक्ष्म पिशव्यांतून सोडला जातो. १९९२ सालीं इटलींतील पादुआ येथें स्क्यावो, माँतेकुक्को व त्यांचे सहकारी यांनीं शेवटचा पडदा दूर केला. या विषाचे दोन भाग असतात: एक वाहकाचें काम करतो, आणि दुसरा जस्ताच्या अणूच्या साहाय्यानें कातरीचें. ही कातर निरोपाची पिशवी पेशीच्या भिंतीशीं जोडणाऱ्या सिनॅप्टोब्रेव्हिन नांवाच्या प्रथिनाला एकाच ठिकाणीं, एकाच सांध्यांत कापते. बाकी कशालाहि ती हात लावीत नाहीं. मेंदू मेल्यावरहि निरोगी दिसतो तो यामुळें; आणि जो रोगी कित्येक आठवड्यांच्या शुश्रूषेनें वांचतो त्याच्या मेंदूंत तुटलेले दुवे पुन्हां तयार होऊन तो बहुधा पूर्ववत् होतो, तोहि यामुळेंच. रू आणि बोरेल यांच्या सशांना अपस्मारासारखे झटके कां आले, हेंहि आतां कळतें. पृष्ठरज्जूंतील निग्रह गेला कीं शरीर ताठतें. मेंदूंतील निग्रह गेला कीं तेथें वादळ उठतें.

मेंदूची शक्ति म्हणजे हालचाल घडवून आणण्याची शक्ति, अशी आपली सामान्य कल्पना असते. या विषानें शास्त्रज्ञांना निराळाच धडा दिला. स्वस्थपणें उभा असलेला घोडा कांहींच करीत नाहीं असें आपणांस दिसतें. वस्तुतः त्याच्या मज्जासंस्थेंतील असंख्य पेशी त्या क्षणीं दुसऱ्या असंख्य पेशींना आवरून धरीत असतात. शांतता ही कर्माचा अभाव नसून तें स्वतःच एक अखंड कर्म आहे. मनाच्या निग्रहाविषयीं आमच्या संतांनीं व शास्त्रकारांनीं जें सांगितलें त्याची ही सिद्धता नव्हे. तो विषयच निराळा. परंतु शरीराच्याहि राज्यांत आवरणारा नाहींसा झाला कीं बळ हेंच मरणाचें कारण होतें, एवढें येथें स्पष्ट दिसतें.

हें ज्ञान जनावरांच्या वेदनांवर उभें आहे, ही गोष्ट झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. धनुर्वाताच्या बहुतेक अवस्थांत प्राण्याची शुद्धि शेवटपर्यंत शाबूत असते. म्हणजे यातना त्याला पुरत्या कळतात. प्रतिविषाकरितां घोड्यांना वर्षानुवर्षें विष टोंचून त्यांचें रक्त काढीत. १९०१ सालीं अमेरिकेंतील सेंट लुइस शहरीं ‘जिम’ नांवाच्या अशाच एका घोड्याला, घटसर्पाच्या प्रतिविषासाठीं तो पाळलेला असतां, धनुर्वात झाला. त्याचें दूषित रक्त नजरचुकीनें वांटलें गेलें आणि १३ मुलें दगावलीं. औषधी रक्तरसांवर देखरेख ठेवणारा अमेरिकेचा १९०२ चा कायदा या अपघातानंतर झाला. उलट बाजूस पहिल्या महायुद्धाचा दाखला आहे. १९१४ च्या सप्टेंबरांत फ्रान्स व बेल्जियममधील खतावलेल्या शेतांत पडलेल्या ब्रिटिश जखमींपैकीं हजारी सुमारें ८ जणांना धनुर्वात होत होता. सर्व जखमींना घोड्याचें प्रतिविष सरसकट देऊं लागतांच वर्षअखेरपर्यंत तें प्रमाण झपाट्यानें खालीं आलें. त्या शेतांत रोगाचें बीज टाकणाऱ्यांत घोड्याची लीदहि होती. आणि उताराहि घोड्याच्याच रक्तांतून आला. पुढें फ्रान्सच्या गास्ताँ रामाँ यानें, जो शिक्षणानें पशुवैद्य होता, फॉर्मॅलिन व उष्णता यांच्या योगें विषाचा घातकपणा काढून घेतला, पण त्याची ओळख पटविण्याची शक्ति राखली. १९२६ पासून ही लस मनुष्यांना मिळूं लागली. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैन्याच्या २७ लक्षांहून अधिक जखमींत धनुर्वाताचे रोगी अवघे १२ निघाले.

तान्ह्या मुलांची कथा याहून हृदयद्रावक आहे, आणि ती आपल्या घरांतली आहे. मळक्या विळ्यानें नाळ कापावी, तिला राख किंवा शेण लावावें, आणि तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या आंत मुलानें अंगावर पिणें सोडून ताठावें, असें पिढ्यान् पिढ्या चाललें. पांचवी व सटवाईची पूजा करून त्या रात्रीं जागून काढणाऱ्या घरांना भय होतें तें खोटें नव्हतें. शत्रु मात्र विळ्यावर बसलेला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें १९८८ या एका वर्षांत जगांत ७ लक्ष ८७ हजार नवजात बालकें या रोगानें मेलीं. गरोदर स्त्रीला लस टोंचली कीं तिचें प्रतिविष वारेतून गर्भाला मिळतें. या साध्या उपायानें व स्वच्छ बाळंतपणानें भारतांतील प्रत्येक जिल्ह्यांत हें प्रमाण हजार जन्मांमागें एकाच्या खालीं आलें, आणि २०१५ सालीं नवजात धनुर्वाताचें निर्मूलन झाल्याचें मान्य करण्यांत आलें.

‘निर्मूलन’ हा शब्द येथें जपून वाचला पाहिजे. देवीचा रोग मनुष्यापासून मनुष्यालाच होई, म्हणून तो पृथ्वीवरून नाहींसा करतां आला. धनुर्वाताचे बीजकण मातींत आणि जनावरांच्या आंतड्यांत आहेत. ते तेथून काढतां येणार नाहींत. शेजाऱ्यानें लस टोंचून घेतल्यानें आपलें रक्षण होत नाहीं. एवढेंच नव्हे, तर एकदां धनुर्वातांतून वांचलेल्या मनुष्यालाहि तो पुन्हां होऊं शकतो. कारण मारावयास पुरेसें असलेलें विष शरीराला त्याची ओळख पटावयास अपुरें पडतें. ती ओळख लसच करून देऊं शकते, आणि तीहि ठराविक वर्षांनीं उजळावी लागते. म्हणून प्रत्येक पिढींतील प्रत्येक मुलाच्या बाबतींत हें काम नव्यानेंच करावें लागेल. त्यांत एका पिढीनें आळस केला, तर अंगणांतील माती तो आळस माफ करणार नाहीं.